दमनकाचा खटला
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रामटेकला राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट लहानपणापासूनच मान्य करावी लागते. ती म्हणजे, निरोप फार लांब जाऊ शकतो. कालिदासाच्या यक्षानं आषाढातल्या ढगाजवळ निरोप दिला तो रामगिरीवरून. हा रामगिरी म्हणजे आमचं रामटेक, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी पुरावे देऊन मांडलं. गडावर कालिदासाचं स्मारक आहे आणि त्याच्या नावाचं संस्कृत विद्यापीठ इथं १९९७ पासून आहे. पावसाळ्यात अंबाळा तलावाच्या काठी उभं राहून वर पाहिलं की ढग खरोखरच कुणाचं तरी काम घेऊन निघाल्यासारखे उत्तरेकडे सरकताना दिसतात.

यक्षाचा निरोप अलकानगरीपर्यंत गेला. मी आज ज्या निरोपाविषयी बोलणार आहे, तो त्याहून कितीतरी लांब गेला. तोही दक्षिण देशातूनच निघाला, असं तो स्वतःच सांगतो. पण त्याला ढगानं नेलं नाही, माणसांनी नेलं. एका इराणी वैद्यानं नेलं, एका अरबी लेखकानं नेलं, ज्यू दुभाष्यांनी नेलं. आणि शेवटी तो पोचला युरोपातल्या ख्रिस्ती राजांच्या दरबारात. तो निरोप म्हणजे आपलं पंचतंत्र.

पंचतंत्राची सुरुवात आपल्याला ठाऊक आहे. दक्षिणेतलं महिलारोप्य नगर, तिथला राजा अमरशक्ती, त्याचे तीन ढ राजपुत्र आणि सहा महिन्यांत त्यांना शहाणं करून सोडण्याची हमी घेणारा म्हातारा विष्णुशर्मा. आमच्या शाळेत शनिवारी सकाळी शेवटच्या तासाला गुरुजी या गोष्टी सांगत. एका शनिवारी त्यांनी पहिल्या तंत्राची गोष्ट सांगितली. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची जिवाभावाची मैत्री जमते. दमनक नावाच्या कोल्ह्याचं दरबारातलं महत्त्व त्यामुळं कमी होतं. तो सिंहाला बैलाविषयी आणि बैलाला सिंहाविषयी भलतंसलतं सांगतो. त्याचा सोबती करटक त्याला समजावतो, पण दमनक ऐकत नाही. सिंह बैलाला ठार मारतो. मग रडतो. दमनक त्याचं सांत्वन करतो. गोष्ट संपली, घंटा झाली.

मी विचारलं, "गुरुजी, मग दमनकाचं काय झालं?"

गुरुजी म्हणाले, "काय व्हायचं? तो प्रधान झाला."

मला ते काही केल्या पटेना. घरी येऊन नानीला सगळी गोष्ट सांगितली. नानी निरक्षर होती. सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "असं कसं रे? त्याले कोनी पुसलंच नाही?"

पुढं बी. ए. झालो, कविता लिहू लागलो, उर्दूतून आणि इंग्रजीतून हाताला लागेल ते वाचू लागलो. तेव्हा कळलं, की नानीनं विचारलेला प्रश्न तिच्या आधी साधारण बाराशे वर्षं इराकमधल्या बसरा शहरात एका माणसानं विचारला होता. नुसता विचारून तो थांबला नाही, त्यानं त्याचं उत्तरही लिहून ठेवलं.

वाकड्या हाताच्या बापाचा मुलगा

सहाव्या शतकात इराणच्या गादीवर खुस्रो अनोशिरवान होता. आपल्याकडच्या उर्दू-हिंदी गोष्टींत येणारा न्यायी नौशेरवान तो हाच. त्याच्या पदरी बर्झूया नावाचा वैद्य होता. अमर करणारी वनस्पती हिंदुस्थानात मिळते असं ऐकून तो इकडं आला आणि ती वनस्पती म्हणजे शहाणपणाचं पुस्तक आहे असं उमगून पुस्तक घेऊन परतला, अशी दंतकथा आहे. दंतकथा सोडली तरी त्यानं पंचतंत्राचं त्या काळच्या पहलवी भाषेत रूपांतर केलं, हे खरं. ते पहलवी पुस्तक पुढं नष्ट झालं. पण त्याआधी, आठव्या शतकाच्या मध्यावर, त्याचं अरबी रूपांतर झालं. करटक आणि दमनक यांची नावं अरबी जिभेवर झाली 'कलीला' आणि 'दिम्ना'. पुस्तकाचं नावही तेच पडलं, 'कलीला व दिम्ना'.

हे काम करणारा इब्न अल मुकफ्फा जन्मानं इराणी होता, पारशी धर्माच्या घरातला. मुसलमान झाला तो मोठेपणी. त्याचा बाप वसुली अधिकारी होता. सरकारी पैशाच्या प्रकरणात त्याला इतकी मारहाण झाली, की हात कायमचा वाकडा झाला. 'मुकफ्फा' म्हणजे वाळून आकसलेल्या हाताचा. शासन कसं चालतं आणि शिक्षा कशी दिली जाते, हे या मुलानं लहानपणापासून घरातच पाहिलं होतं.

बहुतेक अभ्यासक मानतात, की या माणसानं पहिल्या तंत्राच्या शेवटी स्वतःचं एक नवं प्रकरण जोडलं. ते मूळ संस्कृतात नाही. दिम्नाची चौकशी, असा त्याचा विषय. सिंहाची आई मुलाला म्हणते, की निरपराध बैल मारला गेला, आता गप्प बसून चालणार नाही. दिम्नाला कैद होते. दरबार भरतो, न्यायाधीश बसतो. दिम्ना आपली बाजू अशी मांडतो, की भल्याभल्या वकिलानं ऐकत राहावं.

(जाता जाता एक गंमत सांगतो. वकील, कैद, जबाब, जामीन, हुकूम, हजर हे सगळे शब्द अरबीतून निघून फारसीच्या वाटेनं मराठीत आले. दिम्नाचा खटला मराठीत सांगायला बसलं, तर त्याच्या भाषेतले निम्मे शब्द आधीच आपल्या घरात सापडतात.)

चेहरा आणि पुरावा

या खटल्यात एक प्रसंग आहे. माझ्या मते साऱ्या पुस्तकाचा प्राण तिथं आहे. दरबारातला एक मानकरी उठतो आणि म्हणतो, पुरावा कशाला हवा? या दिम्नाचा चेहराच पाहा. डावा डोळा उजव्यापेक्षा लहान आहे, तो सारखा फडफडतो, नाक एका बाजूला झुकलेलं आहे. जाणत्यांनी सांगून ठेवलंय, असा चेहरा दुष्टाचाच असतो.

दिम्ना उत्तर देतो. त्याचा आशय असा: चेहऱ्याच्या खुणा माझ्याबरोबर जन्मल्या. त्यांच्यामुळंच मी अपराधी ठरत असेन, तर मग जगात कुणाच्याही करणीला अर्थ उरत नाही. भल्याला त्याच्या भलेपणाचं श्रेय नको आणि बुऱ्याला शिक्षाही नको, कारण दोघंही जन्मखुणांचे गुलाम.

हा युक्तिवाद कोल्ह्याच्या तोंडी असला, तरी तो पोरखेळ नाही. त्या काळच्या बसऱ्यात हाच वाद पेटलेला होता. माणूस आपल्या कर्माचा कर्ता आहे, की सगळं आधीच लिहिलेलं आहे? वासिल इब्न अता आणि त्याच्या मागून आलेले मुतझिला विचारवंत म्हणत, की माणसाला निवड नसेल तर न्याय या शब्दालाच अर्थ नाही. अरबी तत्त्वज्ञानाच्या उंबरठ्यावरचा हा प्रश्न इब्न अल मुकफ्फानं आपल्या दक्षिणेतल्या कोल्ह्याच्या तोंडी घातला.

आणि मोठेपणा असा, की गुन्हेगाराच्या तोंडचाही बरोबर मुद्दा त्यानं बरोबरच ठेवला. दिम्ना दोषी आहे, हे आपल्याला माहीत आहे. तरीही चेहऱ्यावरून त्याला शिक्षा होत नाही. शिक्षा होते ती साक्षीवरून. एका बिबट्यानं रात्री कलीला आणि दिम्ना यांचं बोलणं ऐकलेलं असतं. तुरुंगातल्या दुसऱ्या एका प्राण्यानंही त्यांचं बोलणं ऐकलेलं असतं. आधी का बोलला नाहीस, असं त्याला विचारल्यावर तो सांगतो, की एकट्याच्या साक्षीवर निकाल होत नाही. दोन साक्षी झाल्या, मगच निकाल लागतो. दिम्नाचा शेवट तुरुंगात होतो.

म्हणजे संस्कृत पुस्तकानं राजपुत्राला शिकवलं, की दरबारात दमनक असतात, सावध राहा. अरबी पुस्तकानं त्यात भर घातली, की दमनकालाही विचारलं पाहिजे आणि विचारताना त्याचा चेहरा बघायचा नाही. पहिला धडा नीतीचा, दुसरा न्यायाचा. राजाला दोन्ही लागतात.

कास्तीलच्या राजपुत्राच्या हाती

आता आपण बसऱ्याहून स्पेनला जाऊ. अरबी ही तेव्हा बगदादपासून कोर्दोबापर्यंतच्या विद्येची भाषा होती. त्यामुळं पुस्तकाला वाट नवी पाडावी लागली नाही. स्पेनमधलं तोलेदो शहर १०८५ साली ख्रिस्ती राजाच्या ताब्यात आलं, पण तिथले अरबी ग्रंथ आणि अरबी जाणणारी माणसं तिथंच राहिली. ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान पंडित त्या शहरात शेजारी होते. अनेकदा ज्यू पंडित अरबी वाक्य बोलीभाषेत सांगे आणि ख्रिस्ती पंडित ते लॅटिनमध्ये उतरवून घेई. ॲरिस्टॉटल, इब्न सीना, इब्न रुश्द हे अशाच वाटांनी युरोपला वाचायला मिळाले. इटलीचा महाकवी दान्ते आपल्या काव्यात इब्न सीना आणि इब्न रुश्द यांना नरकाच्या अगदी वेशीवर, यातना नसलेल्या जागी, ग्रीक ज्ञात्यांच्या पंगतीत बसवतो, तो या ऋणाची जाणीव ठेवूनच.

कास्तीलचा राजपुत्र आल्फोन्सो यानं १२५१ च्या सुमारास 'कलीला व दिम्ना' अरबीतून सरळ कास्तीलच्या लोकभाषेत उतरवून घेतलं. लॅटिनमध्ये नव्हे, लोकभाषेत. आपल्याकडं ज्ञानेश्वरी सिद्ध झाली १२९० मध्ये. दोन्ही कामांची जात वेगळी. पण पंडितांच्या भाषेतलं शहाणपण लोकांच्या भाषेत आणण्याची ओढ एकाच शतकात दोन टोकांना दिसते, याचं मला नेहमी नवल वाटतं.

आल्फोन्सो १२५२ साली राजा झाला. त्याच्या दरबारात कायद्याचा मोठा ग्रंथ तयार झाला, आकाशातल्या ग्रहगतींची कोष्टकं झाली, आपल्या चतुरंगातून निघालेल्या बुद्धिबळावर सचित्र पुस्तक झालं. कायद्यात एवढा रस असलेल्या राजाच्या संग्रही दिम्नाचा खटला असावा, हे योग्यच म्हणायचं.

राजाचा पुतण्या डॉन हुआन मान्युएल यानं १३३५ साली 'काउंट लुकानोर' हे पुस्तक पुरं केलं. स्पॅनिश गद्यातलं ते मानाचं पुस्तक. घाट आपल्या ओळखीचा: काउंट अडचण सांगतो, त्याचा सल्लागार पात्रोनियो गोष्ट सांगतो, गोष्टीच्या शेवटी बोध. त्यातली एक बाई मधाचं भांडं डोक्यावर घेऊन बाजाराला निघते. मध विकून अंडी घेऊ, कोंबड्या होतील, मग मेंढ्या, मग श्रीमंती, मुलांची लग्नं, असे मनोरथ रचते, हसते, आणि भांडं खाली. आपल्या पंचतंत्रात हा माणूस ब्राह्मण आहे आणि भांड्यात सातूचं पीठ आहे. अरबीत तो फकीरवजा साधू झाला आणि भांड्यात तूप-मध आला. पुढं सतराव्या शतकात फ्रान्सच्या ला फोंतेननं त्याची गवळण केली आणि भांड्यात दूध ओतलं. आणि आपण हिंदी ऋषी पिल्पेचे ऋणी आहोत, हे त्यानं लिहूनही ठेवलं. आमची नानी तीच गोष्ट शेखचिल्लीच्या नावावर सांगायची. भांड्यातला जिन्नस दर मुक्कामाला बदलला. फुटणं मात्र कुठंच चुकलं नाही.

शंकेचं प्रकरण आणि संत झालेले बुद्ध

या पुस्तकाबरोबर आणखी एक चीज ख्रिस्ती दरबारात गेली. पुस्तकाच्या आरंभी बर्झूया वैद्याचं आत्मकथन आहे. तो म्हणतो, मी निरनिराळ्या धर्मांची माणसं पाहिली. प्रत्येकजण आपला धर्म वाखाणतो आणि दुसऱ्याचा निंदतो. पण पुरावा कुणाजवळच दिसला नाही. तेव्हा ज्या गोष्टी सगळ्यांनाच चांगल्या वाटतात त्या मी धरल्या: कुणाला मारायचं नाही, चोरायचं नाही, फसवायचं नाही, कुणाचं वाईट चिंतायचं नाही. अकराव्या शतकात हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिणाऱ्या अल बिरुनीला तर संशय होता, की हे प्रकरण इब्न अल मुकफ्फानंच दुबळ्या श्रद्धेच्या लोकांत शंका पेरायला घुसवलं. कुणीही लिहिलेलं असो, धर्मयुद्धांच्या काळात ते प्रकरण ख्रिस्ती राजपुत्राच्या पुस्तकात जसंच्या तसं आलं.

आणि नागपूरकरांना तर हे सांगायलाच हवं. गौतम बुद्धांचं चरित्रही याच अरबी वाटेनं युरोपात गेलं. बोधिसत्त्वाचा अरबीत झाला 'बूदासफ'. अरबी लिपीत 'ब' आणि 'य' यांत फरक एका नुक्त्याचा. त्या नुक्त्याच्या घोटाळ्यात 'बूदासफ'चा 'यूदासफ' झाला. जॉर्जियन, ग्रीक, लॅटिन असे मुक्काम करत तो शेवटी 'जोसाफात' झाला. राजवाडा सोडून निघालेला हा राजपुत्र ख्रिस्ती संत मानला गेला आणि २७ नोव्हेंबर हा त्याचा दिवस रोमन चर्चच्या संतनामावलीत नोंदला गेला. जर्मनीत रुडॉल्फ फॉन एम्स या दरबारी कवीनं १२२५ च्या सुमारास त्याच्यावर दीर्घ काव्य रचलं. पुढं गोव्याचा पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कोतो याच्या लक्षात हे साम्य आलं. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांत तिथल्या एका म्हाताऱ्यानं त्याला सांगितलं होतं, की ही लेणी संत जोसाफातच्या बापानं मुलाला जगापासून दूर ठेवण्यासाठी खोदवली. निरोप असा फिरून आपल्याच दारात आला. ज्या भूमीवर १९५६ साली बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, तिथं बसून हे वाचताना अंगावर काटा येतो.

पुस्तक आत, माणूस बाहेर

इथंच थांबलो असतो, तर गोष्ट गोड झाली असती. पण नानीचा प्रश्न थांबू देत नाही.

ज्यानं दिम्नाला न्याय दिला, त्या इब्न अल मुकफ्फाला न्याय मिळाला नाही. खलिफा मन्सूरच्या बंडखोर चुलत्यासाठी त्यानं अभयपत्राचा मसुदा लिहिला. खलिफाला शब्द फिरवायला फटच उरू नये, इतक्या काटेकोर अटी त्यानं त्यात घातल्या. खलिफा संतापला आणि बसऱ्याच्या सुभेदारानं या लेखकाला हालहाल करून मारलं. वय जेमतेम छत्तीस. खटला नाही, साक्ष नाही. कोर्दोबाच्या इब्न रुश्दला ११९५ मध्ये त्याच्याच मुसलमान राज्यकर्त्यानं हद्दपार केलं आणि त्याचे तत्त्वज्ञानाचे ग्रंथ जाळायचा हुकूम काढला. आपल्या घरातल्या या गोष्टी आधी सांगायच्या, मगच दुसऱ्याच्या घराकडं बघायचं.

आणि ज्या तोलेदोनं साऱ्या युरोपसाठी भाषांतरं केली, त्याच तोलेदोत १४४९ साली एक फर्मान निघालं. ज्यू पूर्वज असलेल्यानं ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला असला, तरी त्याला शहरातलं अधिकारपद मिळणार नाही. कारण रक्त शुद्ध नाही. खुद्द पोपनं त्याचा निषेध केला, पण विचार पसरत गेला. पन्नास वर्षांनी ग्रॅनडात अरबी ग्रंथांची होळी झाली. वैद्यकाचे तेवढे वाचवले. १६०९ पासून मुसलमान पूर्वजांच्या ख्रिस्ती झालेल्या लोकांना देशाबाहेर काढलं. पुस्तक आत घेतलं, माणूस बाहेर काढला. चेहरा बघून, आजोबा बघून, नाव बघून. दिम्नाच्या दरबारातला तो मानकरी शेवटी तोलेदोत जिंकला. तेही ज्यांच्या भाषेत दिम्नाचं उत्तर दोनशे वर्षं वाचायला मिळत होतं, त्यांच्यातच.

मग हे पुस्तक वाया गेलं का? मला तसं वाटत नाही. गोष्ट राजाला सुधारेलच याची हमी विष्णुशर्म्यानं दिली असेल, मी देणार नाही. पण गोष्टीमुळं एवढं नक्की होतं, की चुकणाऱ्याला 'आम्हाला ठाऊक नव्हतं' असं म्हणायची सोय राहत नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका कविसंमेलनात माझी कविता झाल्यावर एक गृहस्थ प्रेमानं हात हातात घेऊन म्हणाले, "तुमचं मराठी किती छान आहे हो! कुठं शिकलात?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी म्हटलं, "रामटेकला. आईच्या मांडीवर." ते हसले, मीही हसलो. आम्ही अजून भेटतो, तेव्हा कवितेवर बोलतो. नावावर बोलत नाही.

गडावरून संध्याकाळी खाली उतरताना अजून कधी कधी नानीचा आवाज आठवतो. सूप बाजूला ठेवून ती विचारते आहे, त्याले कोनी पुसलंच नाही? महिलारोप्यातून निघालेल्या निरोपात बसऱ्यानं जी ओळ जोडली, ती हीच होती. पुसलं पाहिजे. आणि पुसताना चेहरा, नाव, आजोबा बाजूला ठेवून, केलं काय तेवढंच पुसलं पाहिजे.